सुई बंद झाली की ये

आमच्या बेटावर डॉक्टर नव्हता, म्हणून एका पावसाळ्यापुरती मी झाले. वय पंधरा, शिक्षण सातवी, दोन वेण्या, आणि अक्कल त्या वेण्यांना बांधलेल्या रिबिनीएवढी. पण अख्ख्या बेटावर सुई टोचता येणारं माणूस मी एकटीच होते आणि त्याचा मला जो ताठा चढला होता तो आठवला की आजही हसू येतं. ती पोर आत्ता दारात उभी राहिली तर मी तिच्या हातात आधी कळशी देईन आणि म्हणेन, जा डॉक्टरीणबाई, विहिरीवरून पाणी घेऊन या, मग बोलू. नातवंडं विचारतात, आजी तू लहानपणी कशी होतीस. मी सांगते, आगाऊ होते. त्यांना वाटतं म्हातारी विनोद करते.

बेट म्हणजे काही फार मोठं नव्हे. खाडीच्या तोंडाशी खडकाची एक पाठ, तिच्यावर नारळ, थोडी कोळ्यांची घरं, देवीचं देऊळ आणि एक विहीर, जिचं पाणी उन्हाळ्यात मचूळ व्हायचं. समोरचा किनारा इतका जवळ की कोणाच्या दोरीवर कोणाचं लुगडं वाळतंय ते इथून ओळखावं. पण मधे पाणी. भरती असली की होडी चालायची. ओहोटी लागली की त्याच जागी मांडीभर गाळ उघडा पडायचा. त्यात होडी सरकत नाही आणि पाय टाकला तर निघत नाही. त्यामुळे आमचं उठणं, जेवणं, मासळी घेऊन पलीकडे जाणं, सगळं पाण्यावर ठरायचं. समोरच्या बोर्ली गावचा दवाखाना मात्र घड्याळावर चालायचा. सकाळी उघडायचा, दुपारी बंद. भरती रोज थोडी थोडी उशिरा येते, आणि दवाखाना काही तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून पंधरवड्यातले काही दिवस आमचं आणि दवाखान्याचं जमायचं, आणि बाकीचे दिवस आजारी माणूस खडकावर बसून समोरचा रस्ता बघत राहायचं. कोणाला राग यायचा नाही. पाणी नाही म्हटल्यावर राग कोणावर काढणार?

हिराआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिला पलीकडच्या कोळीवाड्यात दिली होती. नवरा मुंबईला ट्रॉलरवर खलाशी. सणाला यायचा आणि आला तरी आपल्या आईपुढे तोंड उघडायचा नाही. एके दिवशी भरतीच्या होडीतून आत्या एकटीच उतरली. हातात पत्र्याची ट्रंक, आणि कडेवर जी असायची ती शेवू, तिची तीन वर्षांची पोर, ती नव्हती. आत्याला खोकला लागला होता हे आम्हाला माहीत होतं. पण खोकल्यातून रक्त पडलं आणि बोर्लीच्या डॉक्टरांनी टीबी म्हणून सांगितलं, हे त्या दिवशी कळलं. सासू तिला होडीपर्यंत पोचवायला आली होती. बाबा होते तिथे, त्यांनी नंतर आजीला सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. सासू म्हणाली होती, "सुई बंद झाली की ये. तवर पोर माज्याकडं राहू दे." आणि शेवूला पदराखाली घेऊन पाठ फिरवून चालू लागली होती.

त्या बाईला मी कितीतरी वर्षं राक्षसीण म्हणत आले. तिचा थोरला मुलगा याच खोकल्याने गेला होता, तिच्याच मांडीवर, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण राक्षसीण म्हणताना ते सोयीने विसरता येतं. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुष्कळ पुढे आले आहे. मी तिच्या जागी असते तर पोर दिली असती का, असं कधीकधी स्वतःला विचारते आणि उत्तर यायच्या आत उठून काहीतरी कामाला लागते.

आत्याची पथारी पडवीत पडली, जाळ्यांच्या ढिगाशेजारी. तिची जर्मनची थाळी वेगळी, तांब्या वेगळा. ती धुवायची तीच. आईने कधी तोंडाने वाईट म्हटलं नाही, पण आम्हा पोरांना तिच्या अंगाशी झोंबू द्यायची नाही. त्या घराचा आवाज म्हणजे एरवी समुद्र, कोंबड्या आणि आजीची बडबड. त्यात आता तो खोकला आला, आणि हळूहळू असं झालं की खोकला थांबला की आम्ही सगळे हातातलं काम सोडून कान द्यायचो. आजीने तिला खायला घालण्याचा विडा उचलला होता. गाळातल्या निवट्या माशांचं कालवण, चिंबोऱ्यांचा लालभडक रस्सा, त्यात भिजवलेली तांदळाची भाकरी. चिंबोरीचा सगळ्यात मोठा आंगडा, म्हणजे पुढची नांगी, आत्याच्या थाळीत पडायचा आणि मी त्याच्याकडे असं बघायचे की आत्या तो फोडून अर्धा मला द्यायला हात पुढे करायची, मग तिला आठवायचं आणि हात मागे जायचा. मला वाटायचं, आत्या कंजूष झाली. अशी मी हुशार.

शेवूचं नाव ती स्वतःहून काढायची नाही. पण बाबा मासळी घेऊन पलीकडे गेले की ती त्यांच्या येण्याच्या वेळेला किनाऱ्यावर जाऊन बसायची. बाबा होडी ओढता ओढता खबर द्यायचे. शेवूने भात सांडला. शेवू पायरीवरून पडली, काही झालं नाही. एकदा म्हणाले, शेवू बकरीला चावली. आत्याने ते त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. कुठे चावली? कानाला. बकरीने काय केलं? बकरी ओरडली. आणि शेवू? शेवू तिच्यावर ओरडली. त्या संध्याकाळी पडवीतून खोकल्याच्या मधेमधे हसण्याचा आवाज येत होता.

पाणी जमेल त्या दिवशी मी आत्याबरोबर बोर्लीला जायचे. कोणीतरी सोबत पाहिजे, आणि घरात सगळ्यात बिनकामाची मीच. आत्या सुई घ्यायला आत गेली की मी बाजारात भजीवाल्यासमोर उभी. पुढे मला एक शोध लागला. दवाखान्यातले कंपाउंडर अशक्त पोरांना ग्लुकोजची बिस्किटं द्यायचे. मी त्यांच्यासमोर बसून खोकायला सुरुवात केली. अगदी आत्यासारखी, छातीवर हात ठेवून. त्यांनी बिस्किट दिलं. पुढच्या खेपेला परत खोकले, तर त्यांनी मला धरून डॉक्टरांपुढे उभी केली, डॉक्टरांनी नळी लावली, पाठीवर टकटक केलं आणि म्हणाले, हिला एरंडेल द्या. ते एरंडेल आत्याने स्वतःच्या हाताने पाजलं आणि मी तोंड वेंगाडलं तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसली.

मग आकाश भरून यायला लागलं. पावसाळ्यात आमच्याकडे बोटी वर काढून नारळाच्या झापांनी शाकारून ठेवतात. खाडीचं तोंड असं उसळतं की लहान होडीही घालता येत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत बेट म्हणजे बेट. एवढे महिने सुया चुकल्या तर झालेलं सगळं फुकट जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे आत्याने पलीकडे राहायला पाहिजे. बाबा घरोघर विचारत फिरले. नात्यातल्यांना विचारलं, मासळीच्या गिऱ्हाइकांना विचारलं. एकाने गोठ्याची पडवी देतो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की दुधाची गिऱ्हाइकं तुटतील, माफ कर. शेवटी बाबा डॉक्टरांपुढे जाऊन नुसते उभे राहिले. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. म्हणाले, घरात कोणी शिकलेलं आहे का? बाबांनी मागे वळून बघितलं. मागे मी, ओठाला भजीचं तेल लागलेली.

कंपाउंडरांनी मला कच्च्या पपईवर शिकवलं. काचेची पिचकारी उकळायची, बाटलीच्या रबरातून पाणी आत सोडायचं, पूड विरघळेपर्यंत हलवायची, हवा काढायची, आणि कमरेच्या कुठल्या भागात टोचायचं ते त्यांनी पपईवर खडूने आखून दाखवलं. मी घरी पपया आणून इतक्या टोचल्या की आईने त्यांची भाजी केली तेव्हा बाबा म्हणाले, हिला वाळवी लागलेली दिसते. शेवटची होडी वर काढण्याआधी बाबांनी औषधाच्या पेट्या आणि गोळ्यांच्या बाटल्या मेणकापडात बांधून आणल्या आणि आजीच्या तांदळाच्या कणगीवर ठेवल्या.

आणि माझा दवाखाना उघडला. बाबांचा पांढरा पंचा मी अंगाभोवती कोटासारखा गुंडाळायचे. रोज सकाळी चुलीवर पातेलं चढलं की बेटावरची सगळी पोरं पडवीबाहेर गोळा व्हायची. त्यांना मी रांगेत बसायला लावायचे आणि पाणी उकळून प्या, नखं कापा, असली भाषणं ठोकायचे. बोलणंसुद्धा बदललं. हाय-न्हाय सोडून आहे-नाही करायला लागले. पहिल्या दिवशी मात्र सुई धरून मी इतका वेळ नुसती उभी राहिले की आत्या पालथी पडल्या पडल्या म्हणाली, "कुसू, पपई समज गो. पपईला लाज नसते." मी टोचली. मग ती पदर सावरत उठून बसली आणि विचारलं, डॉक्टरीणबाई, फी काय? मी म्हटलं, चिंबोरीचा आंगडा. रोजचा तोच विनोद आणि रोज आम्ही दोघी हसायचो.

बाहेर समुद्र दणकत होता, भिंतींना ओल आली होती, सुकटीच्या टोपल्यांना वास सुटला होता, आणि पडवीत आत्या बरी होत होती. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून सांगते. आधी ताप गेला. मग ती भाकरी मागून घ्यायला लागली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या, त्या मनगटाशी थांबायला लागल्या. श्रावणात ती आईबरोबर तांदूळ कांडायला बसली तेव्हा आजीने देवळाकडे तोंड करून हात जोडले. खोकला कधी बंद झाला ते कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, हे मी केलं. आजीला वाटलं, देवीने केलं. औषधाला विचारायला कोण बसलं होतं?

आता आमच्याकडे आरोग्याची खोली झाली आहे, फरशीची, बाहेर नळ आहे, आणि नर्सबाई पाणी जमेल तशा येतात. टीबीला सुया नाहीत, गोळ्या मिळतात, फुकट. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या एका तरण्या पोराला लागला. बरं वाटायला लागलं आणि हा गडी गोळ्या चुकवायला लागला. मी रोज सकाळी काठी टेकत त्याच्या दारात जाऊन बसायचे. गीळ. तोंड उघड. जीभ वर कर. त्याची बायको हसायची, तो लाजायचा, मी हलायचे नाही. शेवटी त्याने मला विचारलं, आजी तुम्हाला दुसरं काम नाही का? मी म्हटलं, नाही. गोळ्या संपेपर्यंत मला दुसरं काम नव्हतं. का ते त्याला सांगितलं नाही, इथे सांगते.

आत्या बेटावर आली तेव्हाच आजीने देवीला नवस बोलला होता की हिरा उठून नांदायला गेली तर हिरवं लुगडं आणि कोंबडं देईन. आमच्या लोकांत एक रीत आहे. घरात नवस फेडायचा राहिला असेल तर नव्या हंगामाला बोट पाण्यात घालायची नाही. खलाशी चढतच नाहीत अशा बोटीवर. कारण दर्यावर गेल्यावर देवी आपलं मागून घेते, आणि काय मागेल त्याचा नेम नाही. नारळी पौर्णिमा तोंडावर आली, बेटावरच्या बोटींना तेल-रंग लागला, आणि आजीने बाबांना सांगितलं, पौर्णिमेआधी नवस फेडायचा. बाबा म्हणाले, फेडू, पण सुया संपू दे. डॉक्टरांनी दिवाळीच्याही पुढपर्यंत सांगितल्या आहेत, गोळ्या तर त्याहून पुढे. आजीने हातातलं सूप खाली ठेवलं.

"पोर बरी झाली म्हणून देवीला लुगडं नेसवायचं, आनि घरी येऊन परत सुई टोचायची? देवीला काय सांगू मग? तुज्यावर भरवसा न्हाय म्हणून?"

बाबा देवाला मानणारे, डॉक्टरलाही मानणारे, आणि दारात खलाशी येऊन बसलेले. बोट उभी राहिली तर चार घरांच्या चुली थंड पडणार. ते नुसते आत्याकडे बघत राहिले. सगळेच बघत राहिलो. आत्या सुकटीची डोकी मोडत बसली होती. तिने वर न बघता म्हटलं, "फेडा नवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे पिचकारी उकळून, पंचा गुंडाळून पडवीत गेले. ती पायरीवर बसली होती, समोरच्या किनाऱ्याकडे तोंड करून.

"ठेव ती भांडी, कुसू."

मी माझी सगळी डॉक्टरकी काढली. पेट्या अजून बाकी आहेत, आजार आत दबा धरून असतो, मधेच सोडलं तर उलटतो. कंपाउंडरांनी सांगितलेलं सगळं पाठ म्हणून दाखवलं, शहरी भाषेत. तिने ते संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "डॉक्टरनं मलाबी सांगितलंय. पण सासूबाय काय बोलल्या ते तुज्या कानावर आलं न्हवं? सुई बंद झाली की ये. बरी झालीस की ये, असं न्हाय बोलल्या."

"म्हणून सोडायची?"

"शेवू चार वर्सांची झाली. दिवाळी म्हणतील, मग शिमगा म्हणतील. तवर ती मला आत्या म्हणून हाक मारंल, तुज्यासारकी."

"आणि परत आजारी पडलीस तर?"

"तर पडंन. तवर तिच्या वेण्या तर घालीन."

मी उपोषणाला बसले. हो, खरंच. सकाळची पेज घेतली नाही, तोंड फुगवून पिचकारीशेजारी बसून राहिले. दुपारी आईने खाडीतल्या कोलंबीचं कालवण केलं, त्याचा वास आला, आणि मी रडत रडत दोन भाकऱ्या खाल्ल्या. माझा लढा तिथे संपला. आजीने कोंबडं दिलं, लुगडं नेसवलं, आणि उरलेल्या औषधाच्या बाटल्याही फडक्यात बांधून देवीच्या पायाशी नेऊन ठेवल्या, तूच दिलंस तूच घे म्हणून. देवीला दिलेली वस्तू परत उचलायची नसते. पौर्णिमेला बाबांची बोट पाण्यात गेली, आणि पहिल्याच खेपेत आत्या ट्रंक घेऊन पलीकडे उतरली. शेवू किनाऱ्यावर तिच्या आजीचा, आत्याच्या सासूचा, पदर धरून उभी होती. बाबा सांगत होते, आत्या होडीतून उतरताना गुडघाभर पाण्यात पडली, तिला होडी लागेपर्यंतही धीर नव्हता, आणि ती पोर आधी आजीमागे लपली, मग तिने लांबून विचारलं, "तू भिजलीस?"

त्यानंतरचे महिने मी दुरून पाहिले. बोर्लीच्या बाजारात आत्या सुकट विकायला बसायची, आणि रिकाम्या टोपलीत शेवू. एकदा मी गेले तर शेवूच्या डोक्यावर तीन वेण्या होत्या. मी विचारलं, तीन कशा? आत्या म्हणाली, तिला दोन पुरत नाहीत. खरं म्हणजे आत्याला पुरत नव्हत्या. मी चिडून होते तिच्यावर अजून, तरी तिने मला भजी खायला घातली आणि सबंध वेळ शेवूच्या खोड्या सांगत राहिली. तिचा चेहरा तुकतुकीत होता. मला वाटलं, चला, देवी आणि आजी बरोबर, डॉक्टर आणि मी चूक. मोठ्या मनाने मी त्यांना माफसुद्धा करून टाकलं.

शिमग्याच्या आधी ती परत आली. तीच ट्रंक, तीच पडवी. बोर्लीला नेली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, अर्धवट का सोडलंत? बाबा कुठून सुरुवात करणार सांगायला? डॉक्टर म्हणाले, सुया पुन्हा सुरू करू, पण आता हा आजार त्या औषधाला सरावला आहे. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या खाटेसाठी त्यांनी खटपट केली. निरोप येईपर्यंत आम्ही थांबायचं. सासूने या वेळी काही अट घातली नाही. शेवूला मात्र ठेवून घेतली, आणि आत्यानेच ठेवून घ्या म्हटलं.

आत्या पुढच्या पावसाळ्यात गेली. हे आधीच सांगून टाकते, कारण ते सांगायला माझ्याकडे काही नाही. वाईट होतं, आणि जसं असतं तसंच होतं. मला सांगायची आहे ती त्याच्या थोडी आधीची गोष्ट, वैशाखातली.

दुसऱ्या खेपेच्या सुयांनी आजार हटला नाही, आत्याचे कान मात्र गेले. त्या औषधाने तसं होतं काही जणांना. आधी म्हणायची, कानात समुद्र वाजतो. बेटावर राहणारी बाई, तिला समुद्र बाहेरचा कुठला आणि कानातला कुठला ते कसं कळणार? मग एकदा खाडी अगदी शांत असताना तिने मला विचारलं, आज एवढं उधाण का? तेव्हा आम्हाला कळलं. त्यानंतर तिच्याशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. ते काम माझं. पंचा केव्हाच गेला होता, दवाखानाही मोडला होता, राहिला होता फक्त माझा आवाज. तो मुळातच मोठा.

होड्या वर काढायचे दिवस आले तसे बाबा पलीकडे जाऊन आत्याच्या सासूपुढे बसले. पोर एकदा आईच्या नजरेस पडू दे, म्हणाले, होडीतून उतरवणार नाही. बाई आत गेली आणि शेवूला नवा झगा घालून बाहेर घेऊन आली.

भर दुपारची भरती होती. बाबांनी होडी बेटाच्या खडकांमधल्या पाण्यात, किनाऱ्यापासून थोडी लांब उभी केली आणि काठीने धरून ठेवली. शेवू मधे, फळीवर. आत्याला मी धरून खाली आणली. ती खाली बसली आणि लगेच उठली. वाऱ्याकडे बघितलं, नारळाचे झाप कुठे हलतायत ते बघितलं, आणि दुसऱ्या खडकावर जाऊन बसली, जिथून वारा पोरीकडून तिच्याकडे येईल, तिच्याकडून पोरीकडे जाणार नाही. पदर तोंडावर घट्ट धरला. शेवू ओरडून काहीबाही सांगत होती आणि मी ते आत्याच्या कानात ओतत होते. मांजराला पिल्लं झाली. एक काळं आहे. झगा मुंबईचा आहे, तिच्या बाबांनी आणला. आजी रात्री घोरते. आत्या मान हलवत होती, डोळे पोरीवरून हलत नव्हते.

मधेच वारा फिरला. आत्याला गालावर कळला. ती उठली आणि लगबगीने खडकांवरून पलीकडे गेली, होडीला वळसा घालून, आणि तिकडे बसली. थोड्या वेळाने परत फिरला. परत उठली, परत इकडे. शेवूला वाटलं, आई खेळते आहे. ती खदखदून हसायला लागली. "आये, पळतेस कुठं? परत पळ ना. परत पळ." मी आत्याला सांगितलं, ती म्हणते परत पळ. आत्याने वाऱ्याकडे बघितलं. वारा आता हलत नव्हता. तरी ती उठली, पदर तोंडावर धरून, त्या खडकावरून या खडकावर आली, वाकून लपल्यासारखं केलं, परत डोकं वर काढलं. पोर होडीत टाळ्या पिटत होती, बाबा तोंड वळवून काठी धरून उभे होते. आत्या परत गेली. परत आली. तिच्यात तेवढं चालायचं बळ कुठून आलं होतं मला माहीत नाही. पाणी उतरायला लागलं तेव्हा तिनेच बाबांना हात हलवून खूण केली, जा, गाळात अडकाल. होडी वळली. शेवू फळीवर उलटी बसून, लांब जाईपर्यंत हसत होती.

मग आत्या मोठ्या खडकामागे गेली आणि पुष्कळ वेळ खोकत राहिली. मी जायला निघाले तर तिने हातानेच थांबवलं. बाहेर आली तेव्हा तोंड पुसलेलं होतं.

"हसली न्हवं गो?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"कशी हसते आता?"

काय सांगायचं? बोललेलं सांगता येतं. मी इकडे तिकडे बघितलं. किनाऱ्यावर कोणी नव्हतं. मी आत्याच्या कानाशी तोंड नेलं आणि शेवू हसली होती तशी, जिवाच्या आकांताने हसून दाखवलं.